कलम दोनच्या कुंदाताई

कुंदाताई म्हसकर गेल्या, तेव्हा बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या सोसायटीने जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘ज्येष्ठ समाजसेविका व थोर कायदेतज्ज्ञ’. त्याखाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याच्याही खाली, पुसायचं राहून गेलेलं पाण्याची टाकी धुण्याचं वेळापत्रक. मी फळ्यासमोर उभा राहिलो. थोर म्हणजे कुठपासून पुढे, आणि समाजसेविकेत कोण येत नाही, हे त्यांनी नक्की विचारलं असतं. टाकी कधी धुणार ते मात्र टिपून घेतलं असतं, कारण त्या फळ्यावर तेवढ्यातूनच कुणाला काही कळत होतं.

आम्ही एकाच शाखेत नोकरीला होतो. सरकारला कायदा करायचा झाला की त्याचा मसुदा जिथे लिहिला जातो, ती शाखा. कायद्याचं पहिलं कलम त्याचं नाव सांगतं आणि दुसरं कलम त्यातल्या शब्दांचे अर्थ ठरवतं. या कायद्यात ‘जमीन’ म्हणजे काय, ‘मालक’ म्हणजे कोण, वगैरे. दुसरं कलम लिहायला कुणी पुढे यायचं नाही. त्यात शिक्षा नाही, अधिकार नाहीत, सभागृहात बाकं वाजतील अशी एक ओळ नाही. मंत्री विधेयक मांडताना ‘ऐतिहासिक’ म्हणतात ते पहिलं कलम वाचून. दुसऱ्यापर्यंत पोचलेला मंत्री मी तरी पाहिलेला नाही. कुंदाताईंनी सगळी नोकरी दुसऱ्या कलमात काढली. शाखेत त्यांना ‘कलम दोन’ म्हणत, अगदी त्यांच्यासमोर. त्यांना राग नव्हता. सरकारी नोकरीत माणसाला बरोबर बसणारी पदवी क्वचितच मिळते, असं त्यांचं म्हणणं होतं.

व्याख्या लिहून झाली की त्या ती माणसांवर घालून बघायच्या, शिंपी कच्चा टाका घातलेला सदरा अंगावर चढवून बघतो तशी. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की हे सुरू व्हायचं. ‘कुटुंब’ या शब्दावर काम चाललं होतं तेव्हा त्यांनी शाखेतल्या प्रत्येकाचं कुटुंब तपासलं. पेडणेकरांचा मुलगा परदेशात होता आणि वडिलांशी बोलत नव्हता. तो व्याख्येच्या आत आला. आमच्या शिपाई शिर्केमामांची विधवा बहीण कितीतरी वर्षं त्यांच्या घरात चूल सांभाळून होती. ती बाहेर राहिली. “शिर्केमामा, तुमची बहीण राहिली हो,” असं त्या इतक्या कळवळून म्हणाल्या, की मामांच्या हातातला घास हातातच राहिला. बहीण कुठे राहिली, एवढंच त्यांना कळेना. दुपारी मसुदा बदलला. तो कायदा कोणता होता हे मी आज विसरलो आहे. बहीण आत आली, एवढं लक्षात आहे.

“यात कोण राहिलं?” हा त्यांचा प्रश्न. तो त्या सगळीकडे विचारायच्या. लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब’ वाचून त्यांनी एका वरबापाला फोन करून हा प्रश्न विचारला होता, आणि त्याने घाबरून शेजाऱ्यांनाही बोलावणं केलं होतं.

नव्याने लागलेल्या पोरांना त्यांचा एकच धडा असायचा. मसुदा तपासताना कुणी ‘मला म्हणायचं होतं की...’ अशी सुरुवात केली, की त्या पेन खाली ठेवायच्या. “तुला काय म्हणायचं होतं ते वाचायला तू प्रत्येक कचेरीत जाऊन बसणार आहेस का? कागदावर आहे तेवढंच वाचलं जातं. मन कुणी वाचत नाही.” मीही हे ऐकून घेतलेलं आहे, आणि एकदाच नव्हे.

दुसरी सवय म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघणं. ओढ्यावरचा साकव कशाला म्हणतात हे ठरवण्यापूर्वी तो ओलांडून यायचं. त्यासाठी त्यांच्या कपाटात कॅन्व्हासचे बूट आणि वडिलांची काळी, लांब दांड्याची छत्री असे.

रेल्वेच्या नव्या मार्गिकांच्या कामांना परवानगी देणारं एक विधेयक आमच्याकडे आलं, तेव्हा ते बूट शेवटचे बाहेर निघाले. अभियंत्यांनी पाठवलेल्या कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं की ‘रेल्वेची कामे’ म्हणजे रेल्वेच्या संबंधातली सर्व कामे. बैठकीला आलेले मुख्य अभियंता या वाक्यावर प्रसन्न होते. कुंदाताईंनी त्यांना विचारलं की आंबा म्हणजे आंब्यासंबंधीचं फळ, असं सांगितलं तर त्यांना तो बाजारात ओळखता येईल का. मग भराव घेतला, रुळांखालून पाणी जाऊ देणारी मोरी घेतली, संरक्षक भिंत घेतली, मजुरांची तात्पुरती वसाहत घेतली. अभियंत्यांनी शेवटी हात टेकले आणि म्हणाले, बाई, तुम्हीच येऊन बघा.

त्या गेल्या. अधिवेशन पावसाळी होतं, म्हणून त्याही भर पावसात गेल्या, भाईंदरला. अभियंता साहेब जीपमध्ये बसून राहिले. या छत्री घेऊन एकट्याच रुळांच्या कडेने, झोपड्यांमधून, आणि पुढे पाण्याने भरलेल्या मोकळ्या जागेतल्या बांधावर टोकापर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून कचेरीच्या खिडकीत वाळत होते आणि त्या वरिष्ठांशी भांडत होत्या.

भांडण ‘बाधित व्यक्ती’ या शब्दावरून होतं. काम सुरू झाल्यावर ज्यांचं घर जाईल त्यांना दुसरीकडे खोली मिळणार होती, आणि ती ‘बाधित व्यक्ती’ला मिळणार होती. मसुद्यात लिहिलं होतं, जमिनीचा मालक. कुंदाताईंचं म्हणणं असं, की गोडदेवच्या बाजूला रुळांलगत बायका चुली पेटवून बसल्या आहेत, त्यातली एकही मालक नाही, सगळ्या बाहेर राहिल्या. वरिष्ठ म्हणाले, झोपड्या बांधकामात धरायला लागलो तर काम सुरू व्हायच्या आधी रातोरात हजार उभ्या राहतील. मग तारीख घाला, असं कुंदाताई म्हणाल्या. बरंच चाललं ते. अखेर जे ठरलं ते मला पाठ आहे: ‘बाधित व्यक्ती’ म्हणजे, अधिसूचनेच्या दिनांकास अशा जमिनीवरील कोणत्याही बांधकामात, मग ते कुडाचे, झावळ्यांचे किंवा कापडाचे असले तरीही, वास्तव्य करीत असलेली व्यक्ती.

कुडाचे, झावळ्यांचे किंवा कापडाचे. सरकारी कायद्यात हे शब्द घुसवणं म्हणजे काय, ते ज्याने ती फाईल खालून वर आणि वरून खाली जाताना पाहिली त्यालाच कळेल. त्या दिवशी कुंदाताईंनी सगळ्या शाखेला वडे खाऊ घातले. असं त्यांनी ना आधी कधी केलं ना नंतर. “सगळे आले,” म्हणाल्या. “मी बघून आले. कुणी राहिलं नाही.”

निवृत्त झाल्यावर त्यांची गिरगावातली चाळ पडली आणि त्या मिरा रोडला आल्या. मी आधीच तिथल्या हाटकेशला येऊन पडलो होतो. बेव्हर्ली पार्कमधला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला त्यांनी बेव्हर्ली कोण, असं विचारलं. ते बिल्डरला ठाऊक, असं तो म्हणाला. पार्क कुठे आहे, हे विचारल्यावर मात्र त्याने विषय बदलला.

तिथे त्यांना जनी भेटली.

दिवाळी होऊन थंडी सुरू झाली की जनी डोक्यावर मिठाची गोणी घेऊन सोसायटीत यायची. भाईंदरच्या मिठागरात ती आणि तिचा नवरा लखमा मीठ काढायचे. कुंदाताईंना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलेलं. तरी त्यांच्या गॅलरीत जाड्या मिठाच्या पिशव्या रांगेने उभ्या असत. त्या निमित्ताने जनी पंख्याखाली फरशीवर पाय पसरून बसे, चहा घेई आणि बाईंची उलटतपासणी करी. लग्न का केलं नाही, इतकी पुस्तकं कोण वाचतो, दोन संडास कशाला. “आमच्या झोपडीत पाय पसरायला जागा न्हाय,” ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, “पन भांडायला मानूस हाय. तुमी कोनासंगं भांडता, बाई?” कुंदाताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हा येतो ना रविवारी.” जनीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हा काही भांडायच्या लायकीचा नाही, असं स्पष्ट दिसेलसा चेहरा केला.

एकदा ती आम्हाला मिठागरावर घेऊन गेली. बांधावर बांबूंची आणि झावळ्यांची झोपडी, शेजारी मिठाचे पांढरे ढीग. लखमा आमच्याकडे पाहून हसला आणि कामाला लागला. पावसाळ्यात काय करता, असं कुंदाताईंनी विचारलं. जनीने सांगितलं, की पाऊस जवळ आला की झोपडी उतरवायची. झावळ्या चुलीत घालायच्या, बांबू बांधून गोडदेवमधल्या एका ओळखीच्या घरामागे ठेवायचे, आणि तलासरीकडे पाड्यावर जायचं, भाताच्या लावणीला. दिवाळीनंतर येऊन त्याच जागी पुन्हा उभी करायची. तिची आईही असंच करायची, आईची आईही. कुंदाताईंना ही कल्पना फार आवडली. “म्हणजे तुझं घर छत्रीसारखं मिटतं,” त्या म्हणाल्या. येताना रिक्षात त्या खुशीत होत्या. आम्हाला दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या एका वर्षी जनी आली ती रविवारी, मी तिथे असताना, आणि गोणीशिवाय. बांधावर लाल रंगाचे खुंट ठोकले होते आणि एक पाटी लागली होती. गोडदेवकडच्या झोपड्यांतल्या लोकांना खोल्या मिळणार होत्या. त्यांची नावं लागली होती, यांची नव्हती. बाई सरकारात होत्या, म्हणून ती विचारायला आली होती. लखमा दाराबाहेरच उभा राहिला. किती सांगितलं तरी आत येईना. मोजणी कधी झाली, कुंदाताईंनी विचारलं. पावसात, जनी म्हणाली. तेव्हा इथे कोणी नव्हतं.

जनीने पाटीचा फोटो काढून आणला होता; कुंदाताईंनी मला त्यातला मजकूर फोनवर मोठा करून दाखवायला सांगितला. कायद्याचं नाव वाचलं, अधिसूचनेचा दिनांक वाचला, तो भर पावसाळ्यातला होता. मग दुसरं कलम उघडायला सांगितलं. मी उघडलं. आपणच लिहिलेलं वाक्य त्यांनी अनोळखी माणसाचं वाचावं तसं, ओठ हलवत वाचलं. अधिसूचनेच्या दिनांकास. पंखा फिरत होता. जनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“जनी,” त्या म्हणाल्या, “हे मी लिहिलंय.”

मला वाटलं जनीला कळणार नाही. तिला कळलं, आणि तिचा चेहरा उजळला. ते मला अजून सहन होत नाही.

“तुमी लिवलाय?” ती म्हणाली. “मंग पुसा ना, बाई.”

त्यानंतर कुंदाताईंनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. दुरुस्तीसाठी अर्ज लिहिले. आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे, असं उत्तर आलं. या वाक्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. असली उत्तरं आमच्याच शाखेतून जात. जुन्या ओळखीच्या एका सचिवांना त्या भेटून आल्या. त्यांनी शाल आणि श्रीफळ दिलं. शाल त्यांनी वॉचमनला देऊन टाकली.

हरकतींची सुनावणी होती, तिला आम्ही जनीला घेऊन गेलो. अधिकारी तरुण होता आणि, हे सांगितलं पाहिजे, सभ्य होता. जनीला त्याने खुर्ची दिली. अमुक दिवशी तू कुठे होतीस, त्याने विचारलं. “पाड्यावर, लावणीला,” जनी म्हणाली. “पावसात मीठ कसा पिकंल, साहेब?” त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मग कुंदाताई उभ्या राहिल्या. त्याने विचारलं, आपण बाधित आहात का? त्या नाही म्हणाल्या. मग आपली हरकत मला नोंदवता येणार नाही, तो म्हणाला, पण बोला, मी ऐकतो.

त्या सांगू लागल्या. की ही व्याख्या त्यांनी लिहिली. की तारीख घातली ती खोट्या माणसांना अडवायला, पिढ्यान्‌पिढ्या त्याच बांधावर परतणाऱ्यांना अडवायला नव्हे. “मला म्हणायचं होतं की...” असं त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी खाली पाहिलं.

अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, हेतू मला वाचता येत नाही. लिहिलेलं वाचता येतं.”

“बरोबर आहे,” कुंदाताई म्हणाल्या, आणि बसल्या. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की एखाद्या पोराचा मसुदा तपासून खाली सही करताहेत असं वाटावं.

परत येताना रिक्षात जनी मध्ये बसली होती. हाटकेशच्या सिग्नलला कुंदाताई बाहेर बघतच म्हणाल्या, “अरे, मी गेले होते रे बघायला. त्याच बांधावर उभी होते. सगळीकडे पाणी होतं. मी टोकापर्यंत गेले. कुणीच नव्हतं.”

जनीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “पावसात कोन असंल, बाई,” ती म्हणाली. त्यांची समजूत काढत होती ती.

पावसाळ्यापूर्वी भरावाची माती पडायला लागली. जनी आणि लखमा पाड्यावर निघाले. गोडदेवमधलं ज्या घरामागे बांबू ठेवायचे, ते घरही आता राहिलं नव्हतं. त्या माणसांना खोली मिळाली होती, वर कुठल्यातरी मजल्यावर. जनीने कुंदाताईंना विचारलं, तुमच्याकडे बांबू ठेवू का. कुठं मिठाचं काम भेटलं तर दिवाळीनंतर येऊन घेऊन जाते. कुंदाताईंची पार्किंगची जागा होती आणि गाडी नव्हती. लखमाने तिथे बांबू रचले, काथ्याने बांधले, आणि पहिल्यांदाच वर येऊन चहा घेतला.

त्या पावसाळ्यात सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला. सेक्रेटरी मेहताभाई वाईट माणूस नाही. सोसायटीत शेवाळ आणि अडगळ या दोन गोष्टींवर त्याचा राग आहे, एवढंच. पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येईल, असा नियम त्याने वाचून दाखवला. एरवी कुंदाताईंनी वाहन म्हणजे काय यावर सगळी सभा झोपवली असती. यावेळी त्यांनी नियम नुसता ऐकून घेतला. त्यांनी बोलणंच कमी केलं होतं. मी रविवारी जायचो, तेव्हा वाद घालायला एखादा शब्द मुद्दाम चुकीचा वापरून बघायचो. त्या म्हणायच्या, चालेल, कळतंय.

‘यात कोण राहिलं?’ हे मात्र त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

दिवाळी गेली. जनीचा फोन कधीच लागत नव्हता. दर वर्षी ती नंबर बदलायची. फराळाचा डबा परत न्यायच्या निमित्ताने मी एका सकाळी गेलो, तर त्या खाली पार्किंगमध्ये होत्या. काथ्या सोडून बांबू उन्हात सुटे करून ठेवले होते आणि कमरेला पदर खोचून त्या एकेकावरची बुरशी फडक्याने पुसत होत्या. दम लागलेला दिसत होता. मी एक टोक धरलं. आम्ही बांबू उलटे केले, खालच्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून.

तेवढ्यात मेहताभाई आला. दोन बोटांनी एका बांबूला स्पर्श करून त्याने नम्रपणे विचारलं, “कुंदाबेन, ये सामान और कितने दिन रहेगा?”

“सामान नाही ते, मेहताभाई,” त्या म्हणाल्या. “घर आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत करू शकलो नाही.

“घर?”

“मिटलेलं आहे सध्या.”

तो लिफ्टकडे गेला. आम्ही बांबू पुन्हा बांधले. काथ्याची गाठ त्यांनीच मारली, लखमाने मारली होती तशीच. मी वर चला म्हटलं. थोडा वेळ बसते, त्या म्हणाल्या; आता थंडी पडली, मीठवाली माणसं याच दिवसांत येतात.

फाटकापाशी जाऊन मी मागे वळून पाहिलं. त्यांनी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली होती. आधी ती बांबूंच्या पुढे ठेवली. मग उठल्या, खुर्ची मागे नेली आणि बांबूंच्या आड बसल्या. आत येणाऱ्या माणसाला आधी बांबू दिसावेत, म्हणून.